दहा पुरुष आणि एक मांडव

अलिबाग तालुक्यातील आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ज्याला जुनी माणसे अजूनही मशीदच म्हणतात, सुक्कोथचा, म्हणजे मांडवांचा, सण पुन्हा रीतसर साजरा करण्याची जबाबदारी 2024 साली मी अंगावर घेतली. 1948 नंतर गावातील बेने इस्रायल, म्हणजे आम्हा मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, कुटुंबे एकामागून एक इस्रायलला गेली, काही मुंबई-ठाण्यात स्थिरावली, आणि आळीत आता आमची दोनच घरे उघडी असतात. त्यामुळे मांडव घालणे हे काम सोपे होते, मिन्यान जमवणे अवघड. तेरा वर्षांवरील दहा पुरुष हजर नसतील तर सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, उघडून वाचता येत नाही आणि काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. आमच्या पद्धतीप्रमाणे बायकांची गणती त्यात होत नाही, म्हणजे ज्या बाईने महिनाभर फोन फिरवले तिलाच त्या यादीत जागा नव्हती. हे मी रागाने लिहीत नाही, पण वही उघडताना दर वेळी मनात येत असे, हे खरे.

सण बुधवारी, 16 ऑक्टोबरला संध्याकाळी लागणार होता. सण लागल्यावर प्रवास टाळायचा, म्हणून मुंबईच्या मंडळींनी बुधवारी दुपारीच यायचे आणि किमान शुक्रवारपर्यंत मुक्काम करायचा, म्हणजे प्रत्येकाने दोन-तीन दिवसांची रजा काढायची. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, आणि दारफळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, रजा अगोदरच खर्ची पडलेली असते. अठरा जणांना विचारले तेव्हा नऊ जणांनी होकार दिला, आणि त्यातला एक माझा चौदा वर्षांचा भाचा होता.

दरम्यान मांडवाचे काम सुरू झाले. सुक्काचे, म्हणजे या सणाच्या मांडवाचे, छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वनस्पतीचेच असावे लागते, दिवसा उन्हापेक्षा सावली जास्त पडावी आणि रात्री फटींतून तारे दिसावेत असा संकेत आहे. गावच्या मांडववाल्याने सावली बरी म्हणून पहिले बांबू चक्क बदामाच्या झाडाखाली रोवले होते, ते उपटून मोकळ्या अंगणात आणावे लागले, कारण झाडाखालचा सुक्का चालत नाही. छपराला नारळाच्या झावळ्या घातल्या आणि त्यांना केळी, मोसंबी, कागदी पताका टांगल्या. सोमवारी रात्री पाऊस आला आणि शेजारच्या एका भल्या माणसाने आमची फळे भिजू नयेत म्हणून वरून निळी ताडपत्री घट्ट बांधून टाकली. हेतू चांगला, पण त्या ताडपत्रीखाली बसणे म्हणजे सुक्कात बसणे नव्हे. बुधवारी चार वाजता ती माझ्या लक्षात आली तेव्हा भिजून आवळलेल्या सुतळीच्या गाठी नखांनी सुटेनात. सण लागल्यावर असले काम करता येत नाही, म्हणून शेवटी कोयता आणून त्या कापल्या.

स्वयंपाकघरात वहिनी किद्दुशचे, म्हणजे सणाच्या आशीर्वादाच्या पेल्याचे, शरबत करीत होती. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी हातांनी कुस्करायच्या आणि पंच्यातून पिळून गाळायच्या. आमच्याकडे वाईनच्या जागी हेच चालते. मांसाची सोय मुंबईहून करण्यापेक्षा पापलेटचे नारळाच्या दुधातले कालवण करायचे ठरले, कारण खवले आणि पर असलेली मासळी आम्हांला चालते आणि ती दारात मिळते.

पाच वाजता नऊ जण जमले. दहावे होते इस्रायलमधल्या अश्दोदहून भारतात आलेले दूरचे मामा, साठ सालच्या आसपासची मराठी बोलणारे, आणि ज्या एसटीने ते यायचे ती पेणच्या अलीकडे बंद पडली होती. पुढच्या गाडीने निघालो आहे एवढा एकच निरोप आला आणि मग फोन लागेना. सूर्य माडांमागे गेला तेव्हा प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानकाकांनी मोजायला सुरुवात केली. आमच्यात माणसे आकड्यांनी मोजत नाहीत. स्तोत्रातील दहा शब्दांचे एक वचन म्हणायचे आणि एकेका माणसाला एकेक शब्द द्यायचा. मी महिनाभर वहीत आकडेच मांडत बसले होते, तेव्हा दारापाशी उभी राहून मीही ओठांतल्या ओठांत शब्द म्हणू लागले. नववा शब्द भाच्यावर आला आणि काका थांबले. फाटकाची कडी वाजली. 'हाओलाम' हा दहावा शब्द मामांच्या वाट्याला आला तेव्हा ते अजून पायरीवर खांद्याची पिशवी उतरवीत होते.