वन-फोर्टीनवर नाव नाही

नव्या लॅपटॉपवर तळहात टेकतात तिथे स्टिकरांची एक रांग असते. एक प्रोसेसरचा, एक विंडोजचा, एक ग्राफिक्स कार्डाचा, एक वॉरंटीचा. गोव्याच्या दमट हवेत त्यांच्या कडा पहिल्याच पावसात सुटतात आणि मनगटाचे केस ओढायला लागतात. तरी ते काढायला कुणी धजत नाही. काढले की वस्तू जुनी झाली, असं घरातल्यांचं ठाम मत.

त्यातल्या त्यात मान ग्राफिक्सच्या स्टिकरला. पाहायला आलेला माणूस चहाचा कप हातात घेऊन आधी तिकडेच वाकतो आणि म्हणतो, "अरे वा, कार्डवाला घेतलास!" खरं सांगायचं तर हे कार्ड दुकानदाराच्या आग्रहाने आलं. मी फोंड्यात नोकरी सांभाळून जत्रेच्या पत्रिका, नाटकाचे फलक, चवथीच्या मंडळांची पावतीपुस्तकं असली कामं करतो. दुकानात मी म्हटलं, ग्राफिक्सचं काम आहे. माझ्या डोक्यात पत्रिका होती, त्याच्या डोक्यात गेम. मधली तफावत बिलात दिसली.

जुना लॅपटॉप काही बंद पडला नव्हता. पण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो. माझा या परीक्षेत नापास. चालत्या यंत्राला घरी बसवायची ही पद्धत मला मुळीच पटत नाही, पण बँकेचे व्यवहारही त्याच यंत्रावर असल्यावर हट्ट किती करणार?

तर कार्ड. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या चिप दोन असतात, हे कितीतरी जणांना लॅपटॉप वापरून जुना झाला तरी ठाऊक नसतं. एक प्रोसेसरच्या पोटातच असते, थोडक्या विजेत भागवणारी. दुसरी वेगळी, स्टिकरवाली, स्वतःची मेमरी बाळगणारी. रोजचं चित्र पडद्यावर आणायचं काम पहिलीच करते. दुसरी हाक मारल्याशिवाय उठत नाही. बॅटरी टिकावी म्हणून ही वाटणी. एनव्हिडियाने 2010 मध्ये ती 'ऑप्टिमस' या नावाने बाजारात आणली आणि पुढे ती सगळीकडे रुळली. हाक कधी मारायची हे विंडोज आपल्या अंदाजाने ठरवतं, आणि तो अंदाज दर वेळी बरोबर येतोच असं नाही.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिने पहिल्याच दिवशी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर दोन्ही चिप दाखवल्या. मी भलामोठा फलक उघडून बसलो होतो, पंखा घोंघावत होता, आणि स्टिकरवाल्या चिपपुढे आकडा होता 0 टक्के. "मामा, तें न्हिदलां!" म्हणजे झोपलंय ते, असं ती म्हणाली आणि पोट धरून हसली. मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं आत आत जात तिने मला ती यादी दाखवली, जिथे प्रत्येक प्रोग्रॅमला आपण सांगू शकतो: विंडोज ठरवेल तसं, की वीज वाचवून, की पूर्ण ताकदीने. व्हिडिओ एडिटरला पूर्ण ताकद दिली. ब्राउझर आणि वर्डला विजेची बचत. मे महिन्यात दुपारी लाइट गेल्यावर ही यादी नीट भरलेली असणं म्हणजे काय, ते गोव्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

पत्रिका आणि फलक यांसारखं सपाट काम मात्र बहुतांशी प्रोसेसर आणि रॅमच्या जिवावर चालतं. हिशेब करून बघा. जत्रेच्या कमानीवरचा 10 फूट बाय 8 फुटांचा फ्लेक्स. फ्लेक्सवाले इंचाला 72 ठिपके मागतात. म्हणजे 8640 गुणिले 6912, जवळजवळ सहा कोटी ठिपके. छपाईच्या चार रंगांत प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले की एकेक थर सव्वादोनशे एमबीच्या वर जातो. पाठीमागे देवळाचा फोटो, त्यावर दीपस्तंभ, त्यावर पालखी, त्यावर आमदारांपासून पंचापर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले फोटो. आमच्याकडे फलकावर थर किती होणार हे कलेवर नसतं, समितीवर असतं. दुकानदाराने कार्डाऐवजी दुप्पट रॅम गळ्यात मारली असती तर मी त्याला दुवा दिला असता.

पडद्याचं प्रकरण आणखी बारीक. नव्या पडद्यांवर ठिपके इतके दाट की सगळं आहे त्या मापात दाखवलं तर मेनूतली अक्षरं मुंगीएवढी होतील. म्हणून विंडोज मुळातच सगळं 125 किंवा 150 टक्क्यांनी फुगवून दाखवतं. नवे प्रोग्रॅम हे फुगवणं समजून घेतात. जुन्यांना ते कळत नाही, मग विंडोज त्यांचं चित्रच ताणतं आणि अक्षरं धुरकट दिसतात. त्यावर उपाय आहे: प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, हाय डीपीआय, आणि तिथे फुगवायचं काम प्रोग्रॅमवरच सोडायचं. अक्षरं लख्ख होतात, बटणं मात्र पुन्हा मुंगीएवढी. धूसर मोठं हवं की स्पष्ट बारीक, एवढीच निवड उरते. चाळिशी लागलेल्या माणसाला हा प्रश्न पडद्याबाहेरही विचारला जातोच.

रंगांत तर मी जास्तच रमलो. आबोलीचा रंग घ्या. जत्रेच्या पत्रिकेवर आबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, नसेल तर घरातल्या बायका पत्रिका हातातही धरणार नाहीत. पडद्यावर तो केशरी-गुलाबी मस्त फुलतो. कागदावर आला की विटतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छापखाना शाईने. तितका झगझगीत केशरी चार शायांच्या मिश्रणात बसतच नाही. हे दुखणं जुनंच. नव्या लॅपटॉपने त्यात एक भर घातली. चार्जर काढला की पडदा स्वतःच्या मनाने उजेड आणि काळोख यांचं प्रमाण बदलायला लागतो. गडद पान उघडलं की एक प्रकार, पांढरं उघडलं की दुसरा. बॅटरी वाचवायची ही युक्ती बंद करायचं बटण डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेसखाली दडलेलं असतं. रंगाचं काम करणाऱ्याने सगळ्यात आधी ते शोधावं, बाकीचं नंतर.

आता बिऱ्हाड हलवण्याकडे येऊ.

फोटो, पत्रिका, हिशेब हे सगळं पेनड्राइव्हवर घालून सुखरूप येतं. प्रोग्रॅम तसे येत नाहीत. जुन्या लॅपटॉपच्या प्रोग्रॅम फाइल्समधून अख्खा फोल्डर उचलून नव्यात टाकला, आयकॉनवर दोनदा टिचकी मारली, तर बहुतेक वेळा अमुक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल, सापडत नाही म्हणून पाटी येते. माझ्या चुलतभावाला हे काही केल्या पटेना. सगळं आणलं तर आहे, मग सापडत कसं नाही?

त्याला मी आपल्या भाषेत सांगितलं. घर आजोबांनी बांधलेलं, राहतो तू, कौलं तू बदलतोस. पण सर्व्हेच्या वन-फोर्टीनवर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, तुझं नाव नसेल तर कचेरीत तू कोण? विंडोजची रजिस्ट्री म्हणजे तोच उतारा. प्रोग्रॅम इन्स्टॉल होतो तेव्हा आपण कुठे राहतो, कुठल्या फाइली आपण उघडायच्या, परवाना कोणता, हे सगळं तो तिथे नोंदवतो. काही डीएलएल सामायिक फोल्डरात ठेवतो. नुसता फोल्डर उचलून आणला की घर येतं, नोंद मागेच राहते. चुलतभाऊ तलाठ्याच्या कचेरीतून नुकताच आलेला असल्यामुळे त्याला क्षणात समजलं.

म्हणजे प्रोग्रॅम नव्याने इन्स्टॉल करणं आलं. यात एक सोय मला फार आवडली. विंडोजमध्ये विनगेट नावाचा प्रकार आहे, काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. जुन्या यंत्रावर 'एक्सपोर्ट' म्हटलं की बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी एका फाइलीत येते, नव्यावर 'इम्पोर्ट' म्हटलं की त्यातले ओळखीचे तो एकामागून एक उतरवून बसवतो. जे त्याच्या यादीत नाहीत ते हाताने. ही यादी वाचणं हीच एक करमणूक. कुठल्याशा प्रिंटरचा चालक, तो प्रिंटर भंगारात जाऊन जमाना झाला. टायपिंग शिकवणारा एक प्रोग्रॅम. तीन वेगवेगळे पीडीएफ वाचक, आणि तिन्ही स्वतःला मुख्य समजणारे.

पण खरा संसार असतो तो लपलेल्या फोल्डरात. अ‍ॅपडेटा त्याचं नाव. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखव म्हटल्याशिवाय तो दिसत नाही. वर्डचा आपण वाढवलेला शब्दसंग्रह त्यात, वर्डचं कोरं पान कसं असावं तो नमुना त्यात, कोरल या चित्रं-अक्षरं आखायच्या प्रोग्रॅममधली आपण हवी तशी मांडलेली बटणं त्यात. इतक्या वर्षांत मी वर्डला कवळे, बांदोडा, म्हार्दोळ, कुंकळ्ये अशी गावं आणि आमच्याकडची निम्मी आडनावं शिकवली होती. नव्या वर्डने त्या सगळ्यांच्या खाली लाल नागमोडी रेघ ओढली. आमचं गावच चुकीचं! जुन्याची कस्टम डिक्शनरी उचलून आणल्यावर तो शहाणा झाला.

फॉन्टचंही तसंच. सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर सगळ्यांना माहीत असतो. पण 2018 पासून विंडोज 10 मध्ये एखादा फॉन्ट फक्त स्वतःपुरता बसवला तर तो तिथे न जाता त्याच लपलेल्या अ‍ॅपडेटात जाऊन बसतो. एकीकडचे आणले आणि दुसरीकडचे राहिले की मग पत्रिका उघडल्यावर शोधाशोध. मंगल फॉन्टचं आणखी वेगळं. विंडोज 2000 पासून तो आपल्या सोबतीला, आपण तो गृहीतच धरलेला. हल्ली मात्र मराठी किंवा हिंदी भाषा जोडली किंवा देवनागरीचे जादा फॉन्ट मागितले तरच तो येतो. तोवर त्याच्या जागी निर्मला हा फॉन्ट हजर होतो, ओळी पुढेमागे सरकतात, आणि एका पानाची सूचना दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडते.

हे सगळं निस्तरतं. निस्तरत नाही ते युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचं. त्या काळच्या मराठी फॉन्टांत कळ रोमन अक्षराची आणि चेहरा देवनागरीचा. फॉन्ट असेल तर 'श्री देवी प्रसन्न', नसेल तर कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. माझ्या पत्रिकांचा जुना साठा याच लिपीत, आणि तोही पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 7.0, 2001 सालची. त्याच्या जागी आलेलं आताचं इनडिझाइन त्या फाइली उघडत नाही. ज्या मराठी सॉफ्टवेअरमधून मी टाइप करायचो त्याचा परवाना एका यूएसबी डोंगलमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीत, आणि त्या डोंगलचा जुना ड्रायव्हर विंडोज 11 मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षेच्या सोयीचं कारण देऊन दाराबाहेर उभा करतं. कंपनीला फोन केला. तिकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं.

कुणी म्हणेल, जुन्या पत्रिका हव्यात कशाला? समितीला विचारा. दर वर्षी कार्यदर्शी येतात आणि म्हणतात, "मजकूर गेल्या वर्षीचाच, फक्त तारीख बदल." तिथी तीच, तारीख वेगळी. सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी पालखी, आणि 'रात्रौ ठीक 10 वाजता नाट्यप्रयोग', जो ठीक किती वाजता सुरू होतो ते सगळा गाव जाणतो.

यंदा मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. 'पुजाऱ्यांच्या' मधला अर्धा र नीट येतो असा फॉन्ट निवडला, कारण पुष्कळ देखणे फॉन्ट नेमके तिथे घसरतात. प्रूफ पाठवलं. संध्याकाळी कार्यदर्शींचा फोन.

"चूक काही नाही रे. पण ही आपल्या देवळाची वाटत नाही."

"मजकूर तोच आहे, काका."

"मजकूर तोच. पण देवीचं नाव ते नव्हे."

वळण बदललं होतं. कित्येक वर्षं गावाने देवीचं नाव त्या एकाच जाड, किंचित तिरक्या अक्षरात वाचलेलं. भिंतीवर, पावतीवर, कमानीवर. मी वाद घातला नाही, कारण पत्रिका समोर धरल्यावर मलाही तसंच वाटलं. मग जुन्या लॅपटॉपला डोंगल लावला, देवीचं नाव त्या फॉन्टात टाइप करून कोरलमध्ये नेलं, त्याचे कर्व्ह केले, म्हणजे अक्षराचं चित्र झालं आणि फॉन्टची गरज संपली. तेवढं चित्र नव्यात आणलं. खालचा मजकूर युनिकोडमध्येच ठेवला. कार्यदर्शींनी मान डोलावली आणि 'सहकुटुंब' चं 'सहकुटुंब, सहपरिवार' करायला सांगितलं.

असा सध्या कारभार दोन यंत्रांवर आहे, मथळा तिकडे आणि मजकूर इकडे. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू होईल आणि बाकीच्या देवळांची नावंही अशीच कर्व्ह करून घ्यावी लागतील. जुन्याची बॅटरी त्याआधी बदलायला हवी. फोंड्यात मिळाली नाही, म्हापशाला विचारून पाहतो.