डबा क्र. ३ : पाणी चौथ्यांदा, कारण पहिल्यांदा

भरतीत बुडणाऱ्या खडकावर लपवलेला, संकेतांवरून होडीने येऊन शोधायच्या खेळातला (जिओकॅशिंग) हा डबा. आत शोधणाऱ्यांनी नाव लिहायची वही, म्हणजे लॉगबुक. तिचा पुन्हा लगदा. झाकणाला पाणी अडवणारी नवी रिंग बसवलेला डबा बादलीत ३० सेंमी खोल २४ तास ठेवला तेव्हा आतला टिश्यू कोरडा होता. खडकावर आठ दिवसांत वाटीभर पाणी! चूक चाचणीत होती. बादलीत डबा आणि पाणी एकाच तापमानाला असतात, खडकावर तसं नसतं.

दुपारी डबा ५० अंशांपर्यंत तापतो, आतली हवा फुगून थोडी रिंगखालून निसटते. मग भरतीचं २४ अंशांचं पाणी अंगावर आलं की उरलेली हवा आकसते आणि दाब साधारण ८ टक्के उतरतो. म्हणजे ८० सेंमी पाण्याइतकी ओढ. ३० सेंमीला पास झालेली रिंग तिथे काय टिकणार! आत ७०० मिली हवा असेल तर एका फेरीत पन्नासेक मिली पाणी ओढलं जाऊ शकतं.

नवी चाचणी : बंद डबा ५० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं दाबून धरायचा, लगेच गार पाण्यात घालायचा. टिश्यूवर शाईच्या पेनाचे ठिपके काढून ठेवावेत, थेंबभर पाण्यानेही ते पसरतात. इथे तेवढं थांबावंच लागलं नाही. गरम पाण्यातच बिजागरीच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. त्या बाजूला खटका नाही, झाकण दाबलंच जात नाही. बिजागरीवाले डबे फडताळातच बरे. घ्यायचा तर चारी बाजूंनी खटके असलेला. आणि हो, रिंग सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते. नायट्राइल रबराच्या रिंगला चालतं.

आता डब्यातली रिकामी जागा बंद पेशींच्या, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या, फोमने भरायची. हवा १०० मिलीवर आली की ओढलं जाणारं पाणीही ८ मिलीवर येतं. पण थांबा, मुळात कडक भिंत हवीच कशाला? तोंड गुंडाळून बंद करायची छोटी ड्राय बॅग (पाणी आत न जाणारी पिशवी), हवा पिळून काढलेली, म्हणजे दाबाचा फरकच नाही. बाहेरून भोकं पाडलेला पांढरा पाइप, सावलीपुरता. फोम रद्द. शोधणाऱ्याने तीन घड्या घालायला हव्यात, तेवढं चित्र पिशवीवर काढावं लागेल.

डब्याची जागा सांगणारा दुसरा संकेत मात्र झकास जमला. ३०० मीटरवरून एका अंशाची चूक म्हणजे ५ मीटर, आणि डुलत्या होडीत हातातला होकायंत्र तीन अंश सहज चुकवतो. त्याऐवजी दोन खुणा एका रेषेत, अशा दोन रेषा जिथे छेदतात तिथे डबा. खुणा पक्क्या हव्यात, मनोरा, खांब वगैरे. बोया (पाण्यावर तरंगती खूण) नको, तो साखळीवर फिरतो.

वेळेचं गणित बाराव्या भागांचंच : सहा तासांत पाणी एकूण चढउताराच्या १, २, ३, ३, २, १ बाराव्या भागांनी हलतं. २.४ मीटरच्या चढउतारात पूर्ण ओहोटीच्या आधीच्या आणि नंतरच्या तासात पाणी २० सेंमीच हलतं, तिसऱ्या तासात ६०. उतरायचं ते याच दोन तासांत, आणि एकाने होडीवरच थांबायचं.

पाइप कापून झाला. भोकं १० मिमीची पाडतोय, लहान असली तर शंख-शिंपले बुजवतात.