गडावरचे वानर, वावरातले वानर

21 डिसेंबर, रविवार. रात्रीचे साडेनऊ.

पाय ठणकताहेत, पण लिहूनच झोपते. आज मोठ्या आईला रामटेकला नेऊन आणलं. सोबत माझा पोट्टा. एसटीत तिचं तिकीट फुकट, पंच्याहत्तरी कधीच ओलांडली, माझं अर्धं. गड चढायच्या आधीच बाई निम्मी खूश.

निघायच्या आधी मात्र ती गोफण घेऊन धुऱ्यावर उभी होती. हरभरा घाट्यावर आलाय, तूर भरलीय, आणि वानरांची टोळी उजाडताच वावरात उतरते. खातात थोडं, मोडतात फार. आज तिने त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग हातपाय धुतले, नऊवारी नेसली आणि बस स्टँडवर आमच्याही आधी हजर.

तीच बाई गडाच्या वाटेवर पहिलं वानर दिसलं तशी हात जोडून उभी राहिली.

"काहून वं मोठ्या आई, सकाळी तं गोटे मारत होतीस?"

"ते चोर होय. हे रामाचे."

मी नीट पाहिलं. तेच काळं तोंड, तीच लांब शेपटी, तीच बसायची ऐट.

वराहाच्या मूर्तीपाशी नेहमीची गर्दी. पोटाखालून सरकत पलीकडे निघालं तर पाप नाही, अडकलं तर आहे, असं लोक मानतात. पोट्टा सुर्रकन निघाला. मोठी आई लांबूनच म्हणाली, "अडकली तं गावभर होईल बाप्पा." तेवढ्यात एक वानरीण पिल्लू पोटाशी घेऊन मूर्तीखालून आरामात पार झाली. मोठ्या आईने तिला पुन्हा हात जोडले.

केवल नरसिंहाच्या देवळात मी जरा रेंगाळले. लोक सरळ वर मंदिरात जातात. इथे फारसं कोणी थांबत नाही. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या म्हणजे विदर्भाच्या जुन्या राजघराण्याच्या काळातलं देऊळ. भिंतीवरच्या लेखातली अक्षरं डोक्यावर छोटी पेटी ठेवल्यासारखी दिसतात, ती वाकाटकांच्या लेखांची ओळखच. त्याच घराण्याची सून प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा गेल्यावर तिने लहान मुलाच्या नावाने राज्य चालवलं. रिद्धपूरचा तिचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या, म्हणजे इथल्या देवाच्या, पायांपासून दिलेला आहे. रामगिरी म्हणजे हाच गड. हे सगळं पोट्ट्याला सांगायचं मी ठरवूनच आणलं होतं. त्याने ऐकलं ते एवढंच: "इथं पण वानर होते का तेव्हा?" असतीलच की. वरचं मंदिर नागपूरकर भोसल्यांनी 18 व्या शतकात पुन्हा उभं केलं, तेव्हाही असतील.

दर्शन झालं. सावलीत बसून मी डबा काढला. सांबारवडी. हिवाळ्यातला ताजा सांबार, म्हणजे कोथिंबीर, पहाटे चारला उठून केलेल्या वड्या. डबा पन्नीत, प्लास्टिकच्या पिशवीत, बांधला होता, तिथेच चुकलं. पन्नी चुरचुरली आणि माझ्या मनगटावर एक हात आला.

ओरबाडणं नाही, ओढाताण नाही. काळी, लांब, कोरडी बोटं. जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखी. अंगठा एवढासा. त्याने माझा हात हळूच बाजूला केला, मोठी माणसं लेकराचा करतात तसा. दुसऱ्या हाताने पन्नी उचलली आणि भिंतीवर जाऊन बसला. झाकण उघडायला त्याला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. वडी हुंगली, वरचं आवरण सोलून टाकलं, आतला सांबार तेवढा खाल्ला. तळणाचं कौतुक गेलं दगडावर.

प्रसादाचं दुकान मांडून बसलेली बाई हसली. "पन्नी वाजली का येतेच थो. लोकायनंच शिकवलं." खरं तर यांचं पोट गाईम्हशीसारखं कप्प्याकप्प्यांचं, पाला पचवायचं. आणि समोरच कोणीतरी क्रीमची बिस्किटं भरवत फोटो काढत होतं. आमच्या चोराने निदान सांबार तरी निवडला.

पोट्टा रडकुंडीला आला. मोठी आई म्हणाली, "नैवेद्य पोचला रे." पण खाली उतरून अंबाळा तलावाच्या काठी कोरड्या मुरमुऱ्यांवर भागवायची वेळ आली, तेव्हा नैवेद्याचं नाव नव्हतं. तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललं होतं.

साडेपाचला घरी. चहा ठेवत होते, तेवढ्यात वावराकडून खकर-खकर ऐकू आलं. बाहेर आले तर नऊवारीसकट मोठी आई धुऱ्यावर, हातात गोफण. टोळी तुरीत. तिने गोटा घातला, गोफण फिरवली, थांबली. मला वाटलं, आज हात जोडते की काय.

"जा ना बे रामटेकले! थे तुमची वाट पाह्यते. वड्या देते थे!"

आणि गोटा सोडला. लागला नाही कोणाला. नेम तिचा एरवी चुकत नाही.