बेडकाचे लग्न झाले होते का?

परवा दुपारी जेवणे आटोपून मी जरा पाठ टेकायला आतल्या खोलीत गेले, तेवढ्यात बाहेर माझ्या भाचरांचे तारस्वरात भांडण सुरू झाले. दोघे न्यू जर्सीहून सुट्टीला आलेले. भाची कॉलेजात, भाचा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. ‘मपेट्स’ या अमेरिकन बाहुल्यांतला कर्मिट नावाचा बेडूक आणि मिस पिगी नावाची डुकरीण यांचे १९८४ साली लागलेले लग्न खरे धरायचे की खोटे, असा वादाचा विषय होता. भाचीच्या मते समोर धर्मगुरू उभा होता, दोघांनी होकार दिला होता, तेव्हा प्रश्न मिटला. भाच्याच्या मते ते लग्न नाटकातल्या प्रवेशात लागले होते, आणि नाटकातली लग्ने धरू लागलो तर निम्म्या नटांवर द्विभार्या प्रतिबंधक कायद्याखाली खटले भरावे लागतील. "आत्या, तूच सांग," म्हणत दोघेही दारात येऊन उभे राहिले आणि माझी झोप गेली ती गेलीच, कारण या प्रश्नावर माझे मत त्या दोघांच्या जन्माआधीपासून तयार आहे.

‘द मपेट्स टेक मॅनहॅटन’ हा तो चित्रपट. मपेटांची मंडळी आपले कॉलेजातले संगीत नाटक घेऊन ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यनगरीत, नशीब काढायला येतात, तिथे त्यांना कोणी दारात उभे करत नाही, शेवटी एकदाचे नाटक लागते आणि त्याच्या अखेरच्या प्रवेशात नायक-नायिकेचे लग्न असते. धर्मगुरूचे काम त्यांच्यातल्याच गॉन्झो नावाच्या मपेटने करायचे ठरलेले असते. ऐन वेळी कर्मिट पाहतो तर गॉन्झोच्या जागी खराखुरा, हाडामांसाचा माणूस धर्मगुरूच्या वेषात उभा! पिगी चेहऱ्यावर जगातला सगळा निरागसपणा आणून पाहते. प्रेक्षागृह भरलेले, वाद्ये वाजत आहेत, अशा वेळी भल्या बेडकाने काय करावे? तो घुटमळतो आणि ‘हो’ म्हणतो. त्या एका होकारावर गेली चाळीस वर्षे दोन तट पडलेले आहेत.

मी तो चित्रपट प्रथम पाहिला आमच्या जुन्या वाड्यात. काका लेस्टरहून येताना कॅसेट घेऊन आले होते आणि ती लावण्यासाठी कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याकडून व्ही.सी.आर. भाड्याने आणला होता. भाडे दिवसाचे असल्यामुळे रात्री ओळीने हिंदी चित्रपट लावायचे ठरले होते, आणि बाहुल्यांचे हे इंग्रजी प्रकरण दुपारीच उरकून टाकावे असा मोठ्यांचा विचार होता. पडद्यावर पट्टे येऊ लागले की काका ट्रॅकिंगचे बटण पिळत आणि आम्ही सगळी मुले श्वास रोखून बसत असू. आजी मागे भिंतीला टेकून, सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण त्यामुळे तिचे काही अडत नव्हते. कर्मिटला मोटारीची धडक बसते, त्याची स्मृती जाते आणि तो बिल, गिल आणि जिल नावाच्या तीन बेडकांच्या जाहिरात कंपनीत फिल बनून नोकरीला लागतो, हे तिला कोणी न सांगता कळले. पुढे पिगी त्याला शोधून काढते, तेव्हा बेडकाने डुकरिणीवर प्रेम करावे या कल्पनेचेच त्याला हसू येते. तो एकावर एक डुकरांचे विनोद सांगत सुटतो आणि पिगी त्याला असा हाणते की तो भिरकावला जातो आणि त्याला सगळे आठवते. "ठिकाणावर आला मेला," आजी म्हणाली.

मग लग्नाचा प्रवेश आला. सभागृहात मपेटांची सारी बिरादरी जमली होती, ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातली पाहुणेमंडळीसुद्धा होती. आजीने चष्मा वर सारून सगळ्या रांगा न्याहाळल्या आणि म्हणाली, "हिच्या बाजूचं कोणी दिसत नाही गं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "आमच्याकडे पावसासाठी बेडकांची लग्नं लावायचे, पण ती बेडकीशी." एवढे बोलून तिने निवडलेल्या तांदळांतले चार दाणे टी.व्ही.च्या दिशेने टाकले. आईने ते नंतर कुरकुरत वेचले. आमच्या घरापुरता तो वाद तिथेच निकालात निघाला होता.

आजीचा मुलीकडच्या माणसांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. फ्रँक ऑझ हे पिगीला नाचवणारे, बोलवणारे आणि त्या १९८४च्या चित्रपटाचे दिग्दर्शकही. त्यांनी तिच्यासाठी मनाशी एक भूतकाळ रचून ठेवला होता, असे पुढे वाचनात आले. आयोवातले बालपण, लाडके वडील लवकर गेलेले, आई फारशी मायाळू नाही, आणि पोटासाठी सौंदर्यस्पर्धांमध्ये उतरण्याची वेळ. म्हणजे लग्नाला माहेरचे कोणी येणार तरी कोठून? १९७९च्या ‘द मपेट मूव्ही’त पिगी पहिल्यांदा दिसते ती जत्रेतल्या अशाच एका स्पर्धेत. मुकुट डोक्यावर चढतो न चढतो तोच तिची नजर गर्दीतल्या कर्मिटवर जाते आणि ती तिथल्या तिथे गाऊ लागते. त्यानंतर दोघे जेवायला जातात. स्टीव्ह मार्टिन आखूड चड्डीतला उद्धट वेटर होऊन त्यांना आयडाहोची, म्हणजे ज्या राज्याचे नाव काढले की अमेरिकेत बटाटा आठवतो तिथली, वाइन वाढतो. जरा रंग भरतो आहे तोच पिगीला एजंटाचा फोन येतो, आणि काम मिळाल्याबरोबर ही प्रेमविव्हल नायिका बेडकाला टेबलावर एकटा टाकून चालती होते. पिगी सतत मागे लागते आणि कर्मिट सतत पळतो, असे जे छातीठोकपणे सांगतात त्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा. तिचे त्याच्यावर प्रेम आहे यात शंकाच नाही, पण ते तिच्या कामाच्या खालोखाल आहे, आणि मला ती आवडते ती त्यामुळेच.

१९८१चा ‘द ग्रेट मपेट केपर’ भाच्याचा लाडका. त्यात कर्मिट आणि फॉझी नावाचे अस्वल हे जुळे भाऊ आहेत, आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. पिगीने आपण कोण याबद्दल खोटे सांगितल्यावरून दोघांचे बागेत भांडण जुंपते, आणि बघता बघता ते प्रेमिकांचे भांडण न राहता नटांचे होते: तू अभिनयाचा अतिरेक करतेस, मी हा चित्रपट वाचवायला धडपडते आहे, असे एकमेकांना सुनावणे सुरू होते. या एका प्रसंगाने लग्नाच्या वादातली हवाच काढून घेतली आहे असे मला वाटते. जिथे पात्र कोठे संपते आणि नट कोठे सुरू होतो हे त्या दोघांनाच ठरवता येत नाही, तिथे प्रवेशातले लग्न आणि खरे लग्न यांची वाटणी आपण कोण करणार?

माझा स्वतःचा एक विक्षिप्तपणा येथे सांगायला हवा. हे चित्रपट पाहताना माझे लक्ष चौकटीच्या खालच्या कडेकडे असते. त्या कडेखाली माणसे आहेत, हात डोक्यावर ताणून उभी, आणि त्यांची नजर बाहुलीकडे नसून समोर ठेवलेल्या मॉनिटरकडे आहे. जिम हेन्सन यांनी कर्मिट प्रथम बनवला १९५५ साली, आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या चेंडूची दोन अर्धुके डोळ्यांना लावून. त्याच्या चेहऱ्यात फारसे काही नाहीच, म्हणून आतली बोटे जरा आवळली की ओठ मुडपतो, आणि संकोच, अपमान, वैताग सगळे दिसते. पिगीचे तसे नाही. १९७४ साली बॉनी एरिक्सन यांनी घडवलेला तिचा चेहरा भरीव. तिचे सगळे बोलणे मानेच्या झटक्यात आणि कोपरापर्यंतच्या हातमोज्यांत. तिचा तो सुप्रसिद्ध कराटेचा फटकासुद्धा लिहिलेला नव्हता. तालमीत थप्पड मारायची होती, ऑझ यांनी फटका हाणला आणि तो जन्माचा चिकटला. तर अशा रीतीने कर्मिटचे हेन्सन आणि पिगीचे ऑझ हे दोन दाढीवाले गृहस्थ खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न पाहता, एकाच पडद्याकडे बघत प्रेम रंगवत होते. इंग्लंडमधल्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत ‘द मपेट शो’ या दूरचित्रवाणी मालिकेचे १२० भाग त्यांनी असेच केले. मला तर खरी जोडी कोणती असे विचारले की आधी ते दोन हात आठवतात.

नंतरच्या मालकांनी या जोडप्याचा सोक्षमोक्ष लावायचे फार मनावर घेतले. मपेट्स २००४ साली डिस्नेकडे गेले. २०११च्या चित्रपटात दोघे दुरावलेले, पिगी पॅरिसला ‘व्होग’ या फॅशनच्या मासिकात संपादक; तेथवर ठीक होते. २०१४च्या चित्रपटात कर्मिटचा तोतया कॉन्स्टंटिन तिच्याशी लग्न करायला निघतो, आणि दोघांतला खरा कोण हे कळेना तेव्हा पिगी दोघांनाही विचारते, माझ्याशी लग्न करशील का? तोतया क्षणात हो म्हणतो. खरा कर्मिट चाचरतो, आणि त्या चाचरण्यावरून ती त्याला ओळखते. या मालिकेतला इतका अचूक प्रसंग दुसरा नाही. असे असताना २०१५च्या ऑगस्टमध्ये, नव्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तोंडावर, दोघे विभक्त झाल्याचे रीतसर निवेदन निघाले आणि कर्मिटला डेनिस नावाची, वाहिनीच्या जाहिरात विभागातली दुसरीच डुकरीण मैत्रीण म्हणून जोडून दिली. चाहते खवळले. मालिका एका हंगामात गुंडाळली गेली. आपल्याकडे पाध्यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई यांच्यावर असा प्रसंग आला नाही. ते आपले आधीपासूनच नवराबायको, त्यामुळे भांडणे पुष्कळ असली तरी शंका कोणाला नव्हती. कर्मिट आणि पिगी यांची सगळी गोडी त्या शंकेत होती, आणि तीच कोणीतरी कागदावर सही-शिक्क्यानिशी मिटवून टाकली.

सगळ्यात उत्तम चित्रपट कोणता, यावर मात्र मी कोणाचे ऐकत नाही. १९९०च्या १६ मे रोजी जिम हेन्सन गेले, अवघ्या ५३व्या वर्षी. दोन वर्षांनी त्यांचा मुलगा ब्रायन याने डिकन्सच्या नाताळाच्या कथेवर ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ काढला. त्यात कर्मिट गरीब कारकून क्रॅचिट, पिगी त्याची बायको, आणि मुलगे बेडूक तर मुली डुकरिणी. येथे लग्नाबद्दल कोणी विचारत नाही; संसार मांडलेलाच आहे. पिगीच्या तोंडी ऑझ यांचाच आवाज आहे, कर्मिटचा आवाज मात्र स्टीव्ह व्हिटमायर यांचा, नवा. भविष्यातल्या त्या दृश्यात धाकटा टिम गेलेला असतो आणि कर्मिट घरी येऊन बायकोला सांगतो की त्याच्यासाठी टेकडीवर जागा पाहिली, तिथून नदीवरची बदके दिसतात, त्याला ती पाहायला फार आवडत. पिगी मुरडत नाही, ओरडत नाही, नुसती ऐकून घेते. ज्यांच्या हातात तो बेडूक ३५ वर्षे होता ते गेल्यानंतरचा हा पहिला चित्रपट आहे, हे ठाऊक असताना तो प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या चित्रपटातले ‘व्हेन लव्ह इज गॉन’ हे गाणे चित्रपटगृहात दाखवताना कापले होते आणि २०२२ साली ते पुन्हा जोडले गेले. ते हवे होते की नको, यावर निराळेच दोन तट आहेत. माझ्या मते ते नसलेलेच बरे. ज्यांना हवे असेल त्यांनी वाद घालायला खुशाल यावे, पण चहा झाल्यावर.