साडूभाऊंची रुंद गाडी आणि ५० इंचांचं फाटक

अमेरिकेच्या ट्रिपमध्ये आर्चेस आणि झायन हे नॅशनल पार्क झाले, व्हेगासही झालं, फोटो फेसबुकवर टाकलेत, त्यामुळे ते परत लिहीत बसत नाही. लिहायचंय ते मेरीसव्हेलबद्दल, कारण तिथे जे झालं त्याने माझं डोकं अजून फिरतं.

मेरीसव्हेल हे यूटा राज्यातलं एवढंसं गाव, सॉल्ट लेक सिटीपासून तीनेक तासांवर. इथून पायूट एटीव्ही ट्रेल जातो, म्हणजे जाड टायरच्या, हँडलवाल्या चारचाकी बाइकसाठीचा रस्ता, फिशलेक नॅशनल फॉरेस्टमधून आणि टुशार पर्वतावरून फिरणारा शेकडो मैलांचा गोल, ना सुरुवात ना शेवट, कुठल्याही गावातून घुसा. लोक एटीव्ही घेऊनच पेट्रोल पंपावर जातात, मोटेलच्या दारात एटीव्हीच लावतात. माणसं एकदम मोकळी, मोटेलवाल्या बाईंनी न मागता गाड्या धुवायला पाइप दिला. गर्दी नाही. मला आयुष्यभर नागावच्या बीचवर तिघं तिघं बसवून फिरवतात तेवढीच एटीव्ही माहीत, त्यामुळे मी खूश.

आता साडूभाऊ. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सॉल्ट लेकला बरीच वर्षं आहेत, स्वतःची एटीव्ही आहे. गेल्या सीझनला आडव्या उतारावर ती एका अंगावर कलंडली, कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून साडूभाऊंच्या डोक्यात स्टेबिलिटी. मग एका दुकानदाराने त्यांना नवे रिम आणि नवे टायर असा सगळा सेट विकला. रिम फोर प्लस थ्री, म्हणजे सात इंच रुंदीच्या रिममध्ये जिथे नट बसतात ती पट्टी आतून चार आणि बाहेरून तीन इंचांवर. कंपनीचे फाइव्ह प्लस टू होते. म्हणजे प्रत्येक चाक एक इंच बाहेर. इथपर्यंत ठीक आहे, चाकं लांब लांब झाली की गाडी उलटायला जास्त तिरकी व्हावी लागते, हे कुणालाही पटेल. पण टायर घेतले २७ इंची, आधीचे २५ चे. झालं, आख्खी गाडी एक इंच वर उचलली गेली. समजा दोन चाकांमधलं अंतर ३८ इंच आणि माणसासकट वजनाचा मध्य जमिनीपासून २६ इंचांवर, तर कागदावर गाडी साधारण ३६ अंशाला उलटते. नुसतं रुंद केलं तर साडेसदतीस. रुंद करून वर उंच टायर घातले की साडेछत्तीस! म्हणजे रुंदीचे पैसे मोजले आणि पाऊण फायदा उंचीने खाल्ला. मी हे आदल्या रात्री मोटेलमध्ये नॅपकिनवर मांडून दाखवलं तर साडूभाऊ म्हणाले, "तुम्ही पुण्याचे लोक ना, सगळं नॅपकिनवर." जावईमाणूस, गप्प बसलो.

सकाळी निघालो. मी भाड्याच्या साध्या गाडीवर, ते त्यांच्या रथावर. दहा हजार फुटांच्या आसपास हवा विरळ, इंजिन आधीच दमलेलं, त्यात मोठ्या टायरमुळे गिअरिंग आठ टक्के उंच झालेलं, त्यामुळे चढावर साडूभाऊंची गाडी नुसती कुंथत होती आणि मी मागे धूळ खात. शेवटी लो गिअर टाकला तेव्हा कुठे हलली. आणि दगडांवर ती उड्या काय मारत होती!

एका वळणावर पाणी प्यायला थांबलो तर एक आजोबा त्यांच्या जुन्या गाडीवरून येऊन थांबले, काही बोलले नाहीत, उतरून साडूभाऊंच्या मागच्या टायरवर गुडघा दाबला आणि खिशातून प्रेशर गेज काढला. छोटा, १० पर्यंतच आकडे असलेला. काटा पार शेवटाला जाऊन टेकला. दुसऱ्या टायरमध्ये ९. गाडीवरच्या स्टिकरवर स्पष्ट लिहिलेलं, ५ पीएसआय! कारचा गेज इतक्या खाली नीट दाखवतच नाही हो, आणि साडूभाऊ कारच्याच गेजने पेट्रोल पंपावर हवा भरून आलेले. मागच्या दोन चाकांत हवा वेगळी म्हणजे घेर वेगळा, गाडी एका बाजूला ओढणारच. आजोबांनी चारही टायर ५ वर आणले, मग साडूभाऊंना सांगितलं की आडव्या उतारावर बूड डोंगराच्या बाजूला सरकव, सीटला चिकटून बसू नकोस. पुढचे दोन मैल गाडी अशी गुमान चालली की विचारू नका. फुकटात.

आणि मग आलं ते फाटक. ज्या साइड ट्रेलसाठी मी घरून मॅप बघून आलो होतो, त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब, शेजारी पाटी, ५० इंचांपर्यंतच्याच गाड्या. असे ट्रेल फॉरेस्टवाल्यांच्या मॅपवर वेगळे दाखवलेले असतात, लपवलेलं काही नाही. साडूभाऊंची गाडी मुळात ४८ इंच, रिमने ५० केली, टायर स्वतःच एक इंच जास्त रुंद, झाली ५१. त्यात हवा कमी केल्यामुळे टायर आणखी फुगून बाहेर आलेले! तरी घालून बघितलीच. टायरच्या गुठळ्या खांबाला घासून कर्रकन आवाज, रबराचा काळा पट्टा खांबावर. मागे घेतली, तिरकी लावली, परत कर्रकन. मी म्हटलं, अहो घुसली तरी नियम ५० चाच आहे, दंड होईल. मग टेप काढून मोजलं, जणू मोजल्यावर कमी होणार होती.

माझी गाडी आरामात जात होती. दोन्हीकडे बोटभर जागा! पण साडूला खांबापाशी उभं करून एकटा पुढे कसा जाणार, घरी दोघी बहिणींना काय सांगणार. "तुम्ही जाऊन या ना," असं ते म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले त्यावरून कळलं की जायचं नाहीये. वळवली गाडी. ते आजोबा मात्र हात हलवून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मेन ट्रेलवर फिरलो, छान होतं, बर्फ होता कडेला, हरणं दिसली.

साडूभाऊंनी घरी जाऊन जुनी चाकं परत चढवली असं ताईंकडून कळलं. साडूभाऊ स्वतः याबद्दल बोलत नाहीत. तर सॉल्ट लेकच्या बाजूला कुणाला ४/११० बोल्टचे (चार बोल्ट, ११० मिलिमीटरच्या वर्तुळावर) फोर प्लस थ्री रिम हवे असतील तर टायरसकट गॅरेजमध्ये पडलेत, फार वापरलेले नाहीत. भावाचं ताईंशी बोला, साडूभाऊ अजून नव्याचीच किंमत सांगतात.