आमची वाटचाल : सांगलीचा रॅप, मिरजेचा तंबोरा

सांगलीत मारुती चौकाजवळ तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत २०१७ साली आम्ही ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ सुरू केला, तेव्हा आमचे बहुतेक ग्राहक भजनी मंडळे आणि लग्नाचे व्हिडिओ करणारे होते. रॅप करणारी मुले रात्री नऊनंतर, निम्म्या दरात येत. त्यांच्या ओळींत हळदीची पोती होती, बेदाण्याचे सौदे होते, एमआयडीसीतली रात्रपाळी होती. हे शब्द जपून बाजारात नेणारे कोणी तरी इथेच असले पाहिजे, असे वाटल्याने आम्ही त्यांची गाणी स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध करू लागलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आम्ही २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण प्रमाण मानून यंत्रे त्याहून हातभर उंच ठेवली होती आणि पाणी त्याच्याही वर चढले. घरी नेलेली एक हार्ड डिस्क तेवढी वाचली. विमा होता, परंतु आगीचा आणि चोरीचा. पॉलिसीचा कागद आम्ही सही करण्यापूर्वी नीट वाचलेला नव्हता.

कर्ज काढून मिरजेत पहिल्या मजल्यावर पुन्हा उभे राहिलो, तोच २०२० ची टाळेबंदी आली. त्यानंतर आमचे एक गाणे चांगले चालले आणि नेमके तेच हातचे गेले. त्याची बीट, म्हणजे शब्दांखाली वाजणारा तयार ताल-संगीताचा तुकडा, आम्ही इंटरनेटवरून थोड्या पैशांत घेतली होती. तो परवाना एकट्या आमच्यासाठी नव्हता, तीच बीट दुसऱ्यानेही घेतली होती, आणि त्याने आपले गाणे यूट्यूबच्या, सारखा आवाज आपोआप हुडकणाऱ्या ओळख यंत्रणेत आधी नोंदवल्यामुळे आमच्या गाण्यावर त्याचा दावा लागून उत्पन्न थांबले. तक्रार करूनही काही महिने गेले. ज्या मुलाने शब्द लिहिले, त्याला तोंड दाखवणे अवघड झाले होते.

तेव्हापासून बीट आम्हीच करतो, आणि त्यासाठी मिरजेसारखे गाव नाही. इथल्या तंतुवाद्ये बनवणाऱ्या सतारमेकरांच्या दुकानात माइक नेऊन आम्ही तंबोरा ध्वनिमुद्रित केला. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवतात आणि जवारी, म्हणजे तारेची घुमारेदार झंकार, खुलते, हे जवळून ऐकण्यासारखे आहे. मात्र खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार आणि बीटचा जड ठोका एकत्र आले की दोन्ही गढूळ होतात. म्हणून ठोका तंबोऱ्याच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला, मिळवावा लागतो आणि तंबोऱ्याचा तळाचा आवाज छाटावा लागतो. हे जमायला आम्हाला एक पूर्ण पावसाळा लागला. त्यावर हलगी चढवली, तेव्हा मुले उभी राहिली.

करारनामा आता दोन पानांचा, मराठीत असतो, आणि गीतकाराची रॉयल्टी त्याच्याच नावे राहते. गेल्या वर्षी एका मुलाच्या आईने तो मोठ्याने वाचून घेतला आणि विचारले, "किती वर्षांनी गाणं परत त्याचं होणार?" मुदत लिहायची राहून गेली होती. कॉपीराइट कायद्यानुसार अशा वेळी हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते. आम्ही त्यांच्यासमोर तीन वर्षे लिहिली आणि मग तिघांनी सह्या केल्या.