टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलताना : माझा अनुभव

ओरॅकलच्या वेबलॉजिक या, अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हरच्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड कन्सोलमधून (ब्राउझरमधील व्यवस्थापनाच्या पानांवरून) बदलायला दोन-चार मिनिटे पुरतात. आमच्या टेस्ट सर्व्हरवर मात्र या कामाची तयारी, प्रत्यक्ष बदल आणि त्यानंतर राहिलेले धागेदोरे सोडवणे यात बरेच दिवस गेले, आणि ते दिवस सत्कारणी लागले असे मला मनापासून वाटते. हेच काम ज्यांच्या वाट्याला येणार आहे, त्यांच्यासाठी ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्यातील एका कंपनीत मिडलवेअरचे (अ‍ॅप्लिकेशन आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे) काम पाहते. आमच्याकडील टेस्ट डोमेन (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरचा संच) वेबलॉजिकच्या १२.२.१.४ या आवृत्तीवर लिनक्समध्ये चालते; त्यात सगळ्यांचे व्यवस्थापन करणारा एक अ‍ॅडमिन सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन चालवणारे दोन मॅनेज्ड सर्व्हर आहेत. हे डोमेन आधीच्या कंत्राटदाराच्या टीमने उभारले होते. अ‍ॅडमिन खात्याचे नाव ‘वेबलॉजिक’ आणि पासवर्ड ‘वेलकम१’, म्हणजे ओरॅकलच्या कागदपत्रांतील उदाहरणांत छापलेली जोडी, तशीच ठेवलेली होती. डेव्हलपर, टेस्टर, डिप्लॉयमेंट करणारे आणि काम सोडून गेलेले कितीतरी लोक याच एका खात्याने लॉगिन करत आले होते. कंत्राट संपले आणि पासवर्ड बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा बैठकीत पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच आली : “मॅडम, टेस्टच तर आहे.”

हे म्हणणे मला मान्य नव्हते आणि आजही नाही. आमच्या टेस्ट डेटाबेसमध्ये प्रॉडक्शनमधून (प्रत्यक्ष वापरातील यंत्रणेतून) उतरवलेली ग्राहकांची माहिती होती. नावे काही ठिकाणी झाकलेली, काही ठिकाणी तशीच. वेबलॉजिकच्या कन्सोलमध्ये अ‍ॅडमिन म्हणून शिरलेला माणूस त्या सर्व्हरवर हवे ते अ‍ॅप्लिकेशन चढवू शकतो, आणि ते अ‍ॅप्लिकेशन डेटा सोर्समधून (डेटाबेसशी असलेल्या तयार जोडणीतून) थेट त्या डेटाबेसपर्यंत पोहोचते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, आणि डेटा टेस्ट सर्व्हरवर आहे म्हणून तो वैयक्तिक राहत नाही असे तो कायदा कोठेही म्हणत नाही. हा मुद्दा मांडल्यावर बैठकीतील चर्चा ‘कशाला बदलायचा’ यावरून ‘कसा बदलायचा’ यावर आली.

वेबलॉजिक हा पासवर्ड कोठे ठेवते, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये नसतात. ते अ‍ॅडमिन सर्व्हरच्या आतच चालणाऱ्या एका छोट्या एलडॅप डिरेक्टरीत (वापरकर्त्यांच्या नोंदवहीत) असतात आणि तिच्या प्रती मॅनेज्ड सर्व्हरकडे जातात. मात्र सर्व्हर सुरू होतानाही त्याला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. ते नाव आणि पासवर्ड प्रत्येक सर्व्हरच्या सिक्युरिटी फोल्डरमधील ‘बूट डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये स्वतंत्रपणे लिहिलेले असतात. कन्सोलमध्ये केलेला बदल या फाइलपर्यंत आपोआप पोहोचत नाही. त्यामुळे बदल केल्यानंतर सगळे सुरळीत चालू दिसते आणि पुढे केव्हातरी, यंत्र रीस्टार्ट झाल्यावर, सर्व्हर उठतच नाही. लॉगमध्ये ‘बीईए-०९०४०२’ या क्रमांकाची नोंद येते आणि बूट करण्याची ओळख वैध नसल्याचे तीत लिहिलेले असते. एव्हाना पासवर्ड बदलल्याचे कोणाच्या ध्यानातही नसते.

म्हणून पासवर्डला हात लावण्याआधी तो कोण कोण वापरते याचा शोध घेतला. स्क्रिप्टची सगळी फोल्डरे, क्रॉनटॅब (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी), जेनकिन्स या बिल्ड आणि डिप्लॉयमेंट आपोआप करणाऱ्या साधनातील जॉब आणि बिल्डच्या फाइली चाळल्या. जुना पासवर्ड उघड्या अक्षरांत अनेक ठिकाणी सापडला. कनेक्ट करण्याच्या आज्ञेतच खाते आणि पासवर्ड लिहून टाकण्याची सवय किती पसरलेली असते, ते त्या वेळी दिसले. मात्र फाइली चाळून दुसऱ्या यंत्रांवरील वापर कळत नाही. कन्सोल उघडणाऱ्यांचे आयपी पत्ते अ‍ॅडमिन सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये मिळतात, पण स्क्रिप्ट ज्या टी३ या वेबलॉजिकच्या स्वतःच्या प्रोटोकॉलने जोडल्या जातात त्याची नोंद त्या लॉगमध्ये होत नाही. त्यासाठी ७००१ या पोर्टवर बाहेरून कोणकोणत्या जोडण्या येतात ते ठरावीक अंतराने नोंदवत राहिले. त्यातून ओळखीचे पत्ते निघाले आणि त्यांच्या मालकांना मी एकेक करून गाठले.

या शोधातून एक गोष्ट स्पष्ट झाली की नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. नवा पासवर्डही सगळ्यांना सांगावा लागला असता, तर काही महिन्यांत आम्ही पुन्हा तेथेच आलो असतो. वेबलॉजिकमध्ये कामाप्रमाणे गट आधीपासूनच तयार असतात : ‘डिप्लॉयर्स’ गटातील माणूस अ‍ॅप्लिकेशन चढवू शकतो, ‘ऑपरेटर्स’ सर्व्हर बंद-चालू करू शकतात आणि ‘मॉनिटर्स’ना फक्त पाहता येते. प्रत्येकाला त्याच्या नावाचे खाते आणि कामापुरता गट द्यायचा, ‘वेबलॉजिक’ हे खाते केवळ सर्व्हर बूट करण्यापुरते राखून ठेवायचे आणि त्याचा पासवर्ड कोणाही माणसाने रोजच्या कामात वापरायचा नाही, असे ठरले. एका ज्येष्ठ डेव्हलपरांनी विचारले, “मग रात्री सर्व्हर अडकला तर रीस्टार्ट कोण करणार?” त्यांना ऑपरेटर्स गटात घेतले आणि तो प्रश्न मिटला. मला वाटते, लोकांना अ‍ॅडमिनचे अधिकार क्वचितच हवे असतात. त्यांना आपले काम अडू नये एवढेच हवे असते.

मी स्वतःसाठीही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स गटात वेगळे खाते उघडले आणि त्याने लॉगिन होते याची खात्री करून घेतली. ही पायरी कोणी वगळू नये. मुख्य खाते कोणत्याही कारणाने अडकले, तर आत शिरण्याचा तोच दुसरा दरवाजा असतो.

बॅकअप घेताना पूर्ण डोमेन बंद केले आणि सगळे फोल्डर बांधून घेतले. डोमेनच्या सिक्युरिटी फोल्डरमध्ये ‘सीरियलाइज्ड सिस्टम इनि’ नावाची एक लहानशी फाइल असते. डोमेनमधील सगळे एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड तिच्यातील किल्लीवर अवलंबून असतात. ती गेली तर ते पासवर्ड वाचता येत नाहीत, आणि ती परक्याच्या हाती पडली तर एन्क्रिप्शनला अर्थ उरत नाही. त्यामुळे बॅकअपची फाइल सामायिक ड्राइव्हवर न ठेवता, ज्या लिनक्स खात्याने सर्व्हर चालतो तेवढ्यालाच ती वाचता येईल अशी परवानगी लावली.

नवा पासवर्ड निवडतानाही थोडा विचार करावा लागला. वेबलॉजिकची मूळ अट किमान आठ अक्षरे आणि त्यात एखादा अंक किंवा चिन्ह, इतकीच आहे. चिन्हांची गर्दी करण्यापेक्षा मी लांबी वाढवली, कारण डॉलरचे किंवा उद्गारवाचक चिन्ह शेलमध्ये वेगळा अर्थ घेते आणि उलटी तिरकी रेघ प्रॉपर्टीज फाइलमध्ये पुढच्या अक्षराचा अर्थ बदलून टाकते. पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर तो चुकीचा आहे असे सांगतो, आणि माणूस तासन्‌तास भलतीकडेच कारण शोधत बसतो.

टेस्टिंग थांबल्यावर संध्याकाळी प्रत्यक्ष बदल केला. माझ्या खात्याने कन्सोलमध्ये जाऊन सिक्युरिटी रिअल्म (वापरकर्ते आणि अधिकार यांचा विभाग), त्यात ‘मायरिअल्म’, मग वापरकर्ते आणि गट, ‘वेबलॉजिक’ खाते आणि शेवटी पासवर्डचे पान, असा मार्ग आहे. येथे ‘लॉक अँड एडिट’ (बदलापूर्वी कॉन्फिग स्वतःसाठी राखून ठेवणे) करावे लागत नाही आणि रीस्टार्टही लागत नाही, कारण बदल कॉन्फिग फाइलमध्ये न होता एलडॅपमध्ये होतो. बटण दाबले त्या क्षणापासून नवा पासवर्ड लागू झाला.

त्यानंतर अ‍ॅडमिन सर्व्हरच्या बूट डॉट प्रॉपर्टीजमध्ये खाते आणि नवा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिला आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. सर्व्हर उठल्यावर हीच फाइल पुन्हा उघडली, तर मी लिहिलेल्या दोन ओळींच्या जागी महिरपी कंसात ‘एईएस’ आणि त्यापुढे अगम्य अक्षरांची लांब माळ होती. फाइल वाचल्याबरोबर सर्व्हरने ती स्वतःच एन्क्रिप्ट केली होती. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तोपर्यंत पासवर्ड डिस्कवर उघडा पडलेला असतो. मॅनेज्ड सर्व्हरचे काम मी एकेक करून केले. तेथे आणखी एक प्रत असते : नोड मॅनेजरमार्फत (यंत्रावरील सर्व्हर बंद-चालू करणाऱ्या प्रोग्राममार्फत) सुरू केलेल्या सर्व्हरच्या डेटा फोल्डरमध्ये ‘नोडमॅनेजर’ नावाच्या फोल्डरात वेगळी बूट डॉट प्रॉपर्टीज ठेवलेली असते. जुनी प्रत बाजूला काढून सर्व्हर कन्सोलवरून सुरू केला, तेव्हा ती नव्याने लिहिली गेली. नोड मॅनेजरचा स्वतःचा पासवर्ड तर पूर्णपणे निराळा असतो. आमच्याकडे त्यालाही तोच जुना शब्द दिलेला होता. तो डोमेनच्या सिक्युरिटी पानावरील प्रगत भागात बदलला. या बदलासाठी मात्र ‘लॉक अँड एडिट’ लागते. त्यानंतर प्रत्येक यंत्रावर एनएम-एनरोल ही, यंत्राची डोमेनशी नोंद करणारी आज्ञा चालवली.

सगळे मार्गी लागले असे वाटत असतानाच, रात्री उशिरा लॉगमध्ये ‘बीईए-०९००७८’ ही नोंद आली : ‘वेबलॉजिक’ खात्यावर पाच चुकीचे प्रयत्न झाल्यामुळे ते ३० मिनिटांसाठी बंद केले आहे. पाच मिनिटांत पाच चुका आणि अर्धा तास कुलूप, ही वेबलॉजिकची मूळ मर्यादाच आहे. अर्ध्या तासाने खाते उघडले आणि लगेच पुन्हा बंद झाले. त्या नोंदीत प्रयत्न कोठून झाले ते लिहिलेले नव्हते. पोर्टवरील जोडण्या पुन्हा पाहिल्या, तेव्हा एक नवाच आयपी पत्ता सतत येताना दिसला. ते यंत्र फक्त रात्री बोलत होते. दिवसा घेतलेल्या नोंदींत ते येण्याचा संभवच नव्हता. नेटवर्क टीमला सांगून आधी तो पत्ता फायरवॉलवर अडवला आणि मगच डोमेनच्या सिक्युरिटी पानावरून खाते उघडले. क्रम उलटा असता तर खाते उघडत राहण्यातच रात्र गेली असती. या सगळ्या वेळात मला कन्सोलमध्ये शिरता येत होते ते माझ्या वेगळ्या खात्यामुळेच. सकाळी शोध घेतल्यावर ते यंत्र आधीच्या टीमचे निघाले. सर्व्हरच्या मेमरीचा अहवाल गोळा करणारी एक स्क्रिप्ट त्यावर अजून चालू होती. तो अहवाल टेस्टिंग टीमला हवा होता, म्हणून ती स्क्रिप्ट आमच्या यंत्रावर आणली आणि तिला मॉनिटर्स गटातील खाते दिले.

स्क्रिप्टमधील उघडे पासवर्ड काढण्यासाठी डब्ल्यूएलएसटी या वेबलॉजिकच्या स्क्रिप्टिंग साधनातील ‘स्टोअर यूजर कॉन्फिग’ ही आज्ञा वापरली. ती दोन फाइली बनवते : एकीत एन्क्रिप्ट केलेले नाव आणि पासवर्ड, दुसरीत किल्ली. स्क्रिप्टमध्ये मग या दोन फाइलींचे मार्ग तेवढे लिहायचे. मात्र दोन्ही फाइली ज्याच्या हाती लागतील त्याला पासवर्ड माहीत नसतानाही लॉगिन करता येते, म्हणून त्यांची परवानगी बॅकअपइतकीच घट्ट ठेवली. जेनकिन्सला डिप्लॉयर्स गटातील स्वतंत्र खाते दिले आणि त्याचा पासवर्ड जेनकिन्सच्या क्रेडेन्शियल स्टोअरमध्ये ठेवला. गिटच्या (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात जुना पासवर्ड अजूनही दिसतो. तो पुसण्याचा खटाटोप मी केला नाही, कारण आता त्याने कोठलेही दार उघडत नाही.

शेवटची तपासणी जुन्या पासवर्डने लॉगिन होत नाही हे पाहण्यापासून सुरू केली. मग जेनकिन्समधून एक डिप्लॉयमेंट केले आणि अखेर दोन्ही यंत्रे पूर्ण रीबूट करून सर्व सर्व्हर कोणी काही न टाइप करता उठतात याची खात्री केली. नवा पासवर्ड कंपनीच्या व्हॉल्टमध्ये दोघांच्या ताब्यात आहे. तो हरवलाच तर काय, याची रंगीत तालीम डोमेनच्या एका प्रतीवर करून पाहिली : सर्व्हर बंद ठेवून सिक्युरिटी फोल्डरमध्ये ‘अ‍ॅडमिन अकाउंट’ ही जावा युटिलिटी चालवायची, जुने एलडॅप फोल्डर बाजूला करायचे आणि बूट डॉट प्रॉपर्टीज नव्याने लिहायची. सर्व्हर उठतो, पण नंतर उघडलेली सगळी वैयक्तिक खाती जातात. त्यामुळे खात्यांचा एक्स्पोर्ट नियमित घेणे आम्ही आता वेळापत्रकात घातले आहे.

ज्यांचे डोमेन १४.१.२ या आवृत्तीवर गेले आहे, त्यांना वर सांगितलेली कन्सोलची पाने मिळणार नाहीत; त्या आवृत्तीतून जुना कन्सोल काढून टाकला आहे आणि त्याची जागा रिमोट कन्सोलने घेतली आहे. डब्ल्यूएलएसटीमधून डिफॉल्ट ऑथेंटिकेटरवर (लॉगिन तपासणाऱ्या भागावर) ‘चेंज यूजर पासवर्ड’ चालवण्याचा मार्ग तेथेही उपलब्ध आहे, आणि बूट डॉट प्रॉपर्टीज हाताने बदलण्याचे काम तेथेही चुकत नाही.